सण कोणाचे आणि सुट्टी कोणाची?



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला 'निरनिराळ्या समाजांतील ऋतूंचे सण' हा विषय दिला, तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी कामगार संघटनेचा माणूस. मला सणांतले काय कळते? मला सुट्ट्यांतले कळते." ते म्हणाले, "मग त्यावरच बोला." म्हणून उभा आहे. मी विद्वान नव्हे. शाळा सातवीत सुटली आणि पंधराव्या वर्षी यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरू लागलो. पुढे जे काही वाचले ते वाचनालयाच्या बाकावर बसून, तेही पाळी सुटल्यावर. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

माझे वडील गिरणीत साचेवाले होते. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ते मला आत घेऊन जात. एरवी साचेखात्यात माणसे ओठांच्या हालचालीवरून बोलणे ओळखत, इतका आवाज. त्या दिवशी मात्र सगळे बंद. प्रत्येक साच्याला झेंडूची माळ आणि हळदकुंकू, पुढे फोडलेला नारळ. वडील हळू आवाजात बोलत होते आणि मला ऐकू येत होते, याचेच मला नवल वाटे. सण म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर अजूनही तो बंद साचा आठवतो.

आता आपल्या सोलापूरचेच पाहा. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते. आपण तिला गड्डा म्हणतो. भोगीला ६८ लिंगांना तैलाभिषेक, संक्रांतीला संमती कट्ट्यावर अक्षता, किंक्रांतीला होम. पांढऱ्या बाराबंदीतली माणसे सात नंदिध्वज पेलत निघतात, तेव्हा रस्त्यात उभ्या असलेल्या माणसाची जात वा भाषा कोणी विचारीत नाही. कुंभारकन्येने योगी पुरुषाशी लग्नाचा हट्ट धरला आणि त्याने आपल्या योगदंडाशी विवाह लावण्यास संमती दिली, ही कथा इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. बाराव्या शतकातल्या त्या पुरुषाने तळे खोदविले, लोकांना कामाला लावले. म्हणूनच कष्टकऱ्यांना तो आपला वाटत असावा, असे माझे मत आहे. पंडितांना ते पटेल न पटेल.

ही संक्रांतही एका जागी राहत नाही, हे किती जणांना ठाऊक आहे? आपले पंचांग ताऱ्यांच्या हिशेबाने चालते आणि ऋतू सूर्याच्या. दोहोंत सुमारे सत्तर-बहात्तर वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो. स्वामी विवेकानंद १२ जानेवारी १८६३ रोजी जन्मले, तो दिवस संक्रांतीचा होता. आज संक्रांत १४ किंवा १५ तारखेला येते. सूर्य खरा उत्तरेकडे वळतो तो डिसेंबरच्या २१-२२ तारखेलाच. थंडीच्या कडाक्यात तीळ खावा, शेकोटी पेटवावी, एवढे मात्र सगळ्यांनी सारखे धरले आहे. पंजाबात लोहडी, तामिळनाडूत पोंगल, आसामात भोगाली बिहू, आपल्या शेजारच्या कानडी घरात एळ्ळु-बेल्ल. तीळ-गूळच तो, नाव निराळे.

आणि १२ जानेवारी म्हटली की सोलापूरकराला दुसरेही आठवते. १९३० च्या मे महिन्यात या शहरात लष्करी कायदा पुकारला गेला. त्यानंतर १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि गिरणी कामगारांत वावरणारे कुर्बान हुसेन या चौघांना फाशी झाली. एकीकडे गड्ड्याची दुकाने लागत असतात आणि दुसरीकडे हुतात्म्यांना हार घातले जातात. आमच्या गावाचा जानेवारी असा आहे.

पाडव्याला एकाच वाड्यात फिरून या. मराठी घरावर गुढी, कानडी घरात कडुनिंब आणि गूळ, तेलुगू घरात उगादीची पचडी. तिच्यात कडुनिंबाचा फुलोरा, नवी चिंच, गूळ, कैरी, मीठ, तिखट, असे सगळे एकत्र. नारळी पौर्णिमेला पद्मशाली समाज मार्कंडेयांचा रथ काढतो. भाद्रपद अमावास्येपासून बायका फुलांची बतकम्मा रचून तिच्याभोवती फेर धरतात. रमजान ईद चांद्रवर्षाने चालते. ते वर्ष ३५४ दिवसांचे, म्हणून ईद दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि सुमारे तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू हिंडून येते. आपणही महिने चंद्राचेच मोजतो, पण अधिक मास घालून त्यांना ऋतूशी बांधून ठेवतो. एवढाच काय तो फरक.

हे सगळे गोड आहे. परंतु मित्रहो, सण साजरा करायला दिवस मोकळा लागतो आणि त्या दिवसाची भाकर कोणीतरी द्यावी लागते.

हा प्रश्न गिरणीबरोबर आला. सोलापुरात जुनी गिरणी १८७७ साली निघाली. शेतकऱ्याचा सण पिकाच्या मागे येई. सुगी झाली, हात मोकळे झाले, सण आला. गिरणीला सुगी नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत हे ओळखले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानात सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन कामगार बायकांनी भाषणेही केली, आणि १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी कबूल केली. रविवार हा खंडोबाचा वार, हे लोखंड्यांनी पुढे केले असे सांगतात. पुढल्याच वर्षी कायद्याने आठवड्याची सुट्टी आली. आज रविवारी दुपारी झोप काढणाऱ्या किती साहेबांना हे नाव ठाऊक असेल!

विलायतेत निराळे घडले नाही. लँकेशायर म्हणजे ज्या मुलखातून आपल्या गिरण्यांची यंत्रे येत, तिथे गावोगावच्या देवळांचे 'वेक्स' नावाचे जुने उत्सव होते. आपल्या उरुसासारखे समजा. गिरण्या आल्या तरी माणसे त्या दिवसांत कामाला येईनात. शेवटी मालकांनी हात टेकले आणि गावच्या गाव गिरण्या आठवडाभर बंद ठेवू लागले. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा. लोक आगगाडीने ब्लॅकपूलच्या समुद्रावर जात. पण सुट्टी बिनपगारी! म्हणून वर्षभर दर आठवड्याला क्लबात पैसे साठवीत. पगारी सुट्टीचा कायदा तिथे १९३८ साली झाला. एक मेचेही तसेच. युरोपात तो वसंताचा सण, खांब उभारून त्याभोवती नाचायचे. १८८६ साली शिकागोचे कामगार आठ तासांसाठी त्या दिवशी संपावर गेले, १८८९ साली पॅरिसच्या परिषदेने तो दिवस कामगारांचा ठरविला, आणि १९६० पासून आपल्याला महाराष्ट्र दिनही त्याच तारखेला मिळाला.

आता माझी एक चूक सांगतो. आपल्या राज्याच्या २०१७ सालच्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठ पगारी सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या, उरलेल्या चार मालक व कामगारांनी आपसांत ठरवायच्या. कारखान्यांना तो कायदा लागू नाही, पण आम्ही तेच माप धरून एका टॉवेलच्या कारखान्यात बोलणी केली. मालकाने आठ मान्य केल्या. आपसांतल्या चार कोणत्या, यावर आमच्यातच जुंपली. कोणाला नारळी पौर्णिमा हवी, कोणाला ईद, कोणाला नागपंचमी, कोणाला बसवजयंती. दोन बैठका भांडणात गेल्या. मी दमलो आणि तोडगा काढला की ज्याने त्याने आपापले चार दिवस निवडावेत. मालक लगेच 'हो' म्हणाला. तो इतक्या चटकन 'हो' म्हणाला, तिथेच मी सावध व्हायला हवे होते. वीस वर्षे बोलणी करणाऱ्याला एवढे कळू नये!

त्या वर्षी कारखाना एक दिवसही त्या सुट्ट्यांसाठी थांबला नाही. ईदला मुसलमानांचे माग बदलीवाल्यांनी चालविले, पौर्णिमेला पद्मशाल्यांचे. पूर्वी ईदला शिरखुर्म्याच्या निमित्ताने एकमेकांच्या घरी जाणे होई, ते थांबले, कारण बाकीचे मागावर. आणि एकाच घरात दोघे कामाला असतील तर त्यांचेही दिवस जुळेनात. कांड्या भरणारी एक तेलुगू बाई होती. तिची सून त्याच कारखान्यात शिलाईला. सासूने पौर्णिमा लिहून दिली होती, सुनेने माहेरच्या सणाचे दिवस. बाई मला म्हणाली, "अण्णा, माझी सुट्टी एक दिवशी, सुनेची दुसऱ्या दिवशी. मी करून ठेवू, पण वाढू कोणाला?"

मला उत्तर देता आले नाही. सुट्टी मी मोजून घेतली होती, पण दिवस सगळ्यांचा एक असावा, हे कलम माझ्या कागदावर नव्हतेच.

हिच्यापेक्षाही बिडी वळणाऱ्या बायांची गोष्ट अवघड आहे. या शहरात हजारो बाया घरी बसून बिड्या वळतात, मजुरी हजारावर. त्यांना कारखान्याचे दार नाही, म्हणून दार बंद होण्याचा दिवसही नाही. बतकम्माच्या फेरातून घरी आल्यावर सूप मांडीवर घेऊन राहिलेला हजार पुरा करणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. केसांत त्याच फुलांच्या पाकळ्या असत. बोनसचा कायदा १९६५ साली झाला, पुढे किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या कमाईचा बारावा हिस्सा, असा ठरला. तो हिशेबही वहीत नोंद असेल तरच. नोंद नसलेलीची दिवाळी उचलीवर होते आणि ती उचल संक्रांतीपर्यंत फिटत नाही.

टॉवेलच्या कारखान्यात आम्ही दुसऱ्या वर्षी पुन्हा बसलो. या वेळी सगळ्यांना एकत्र बसविले, बायांसह. लक्ष्मीपूजनाला वाद झाला नाही. संक्रांत, म्हणजे गड्डा, एका एका जमावाने नव्हे तर सगळ्यांनी हात वर करून घेतली. ईद सगळ्यांना असावी, असे आधी एक लिंगायत जॉबर बोलला. त्याचे कारण त्याने शिरखुर्मा असे सांगितले आणि सगळे हसले. चौथा दिवस अजून ठरलेला नाही. पौर्णिमेचा रथ आणि बसवजयंती यांच्यात अडले आहे, आणि मालक म्हणतो की तेवढा एक दिवस ज्याचा त्याला ठेवा. येत्या रविवारी सकाळी दहाला त्यावर बैठक आहे. ती कांड्यावाली बाई आणि तिची सून, दोघीही येणार आहेत.