बेकाचीं द्राक्षें आणि गझीरचें तळघर

बैरुतच्या उत्तरेस, भूमध्य समुद्राकडे तोंड करून वसलेलें गझीर नांवाचें एक डोंगरी गांव आहे. तेथील एका जुन्या गढीच्या तळघरांत गास्तों होशार या वीस वर्षांच्या तरुणानें सन 1930 मध्यें ‘शातो मुसार’ हा वाइनचा कारखाना काढला. फ्रान्समधील बोर्दो प्रांतांत राहून त्यानें ही विद्या जवळून पाहिली होती. लेबनॉनवर त्या वेळीं फ्रेंचांचा अंमल होता. जेवणाबरोबर वाइन घेणारा वर्ग त्यामुळें दाराशींच होता.

द्राक्षें मात्र गझीरचीं नव्हेत. तीं पिकतात लेबनॉन पर्वताच्या पलीकडे, बेकाच्या खोऱ्यांत. दोन पर्वतरांगांच्या मध्यें, समुद्रसपाटीपासून सुमारें 1,000 मीटर उंचीवर पसरलेला हा लांबट प्रदेश. दिवसा कडक ऊन, रात्रीं गारवा आणि उन्हाळाभर पाऊस जवळजवळ नाहींच. याच खोऱ्यांत बाल्बेक येथें, रोमन मद्यदेवता बॅकस हिच्या नांवानें ओळखलें जाणारें प्राचीन मंदिर आजहि उभें आहे. मळा एका बाजूस व तळघर दुसऱ्या बाजूस, ही रचना गैरसोयीची खरी. परंतु बेका पुढें लेबनॉनकडे राहील कीं सीरियाकडे जाईल, याची गास्तोंला शाश्वती वाटत नव्हती, असें सांगतात. बापाच्या या सावधगिरीची किंमत पुढें मुलाला मोजावी लागली.

थोरला मुलगा सर्ज याचें शिक्षण इंजिनिअरचें. वाइनचें शास्त्र तो बोर्दोच्या विद्यापीठांत शिकला. सन 1959 मध्यें त्यानें काम हातीं घेतलें तें अट घालूनच. वाइन आपल्या मनाप्रमाणें करणार, आणि वडिलांनीं त्यांतून अंग काढून घ्यावें! मुलाचें हें बोलणें उद्धटपणाचेंच. पण बापानें तें मानलें, यांत बापाचा मोठेपणा अधिक दिसतो. धाकटा भाऊ रोनाल्ड हिशेब व विक्री पाहूं लागला.

सर्जच्या मनांतली तांबडी वाइन जुळून येण्यास अठरा वर्षें लागलीं. तींत तीन जातींचीं द्राक्षें पडतात. काबर्ने सोविन्यों तुरटपणा व बळकटी देतें, कारिन्यां रंग व आंबटपणा देतें, आणि सँसो मार्दव व सुगंध. प्रत्येक जातीचा रस सिमेंटच्या टाकींत निराळा आंबवितात; बाहेरचें विरजण घालीत नाहींत, द्राक्षांबरोबर जें येतें तेंच काम करतें. मग वर्षभर फ्रेंच ओकच्या पिपांत मुरवण. त्यानंतर तिहींचें मिश्रण करून तें बाटल्यांत भरतात आणि बाटल्या आणखी चार वर्षें तळघरांत निजवून ठेवतात. तोडणीनंतर सातव्या वर्षीं माल बाजारांत येतो. मिश्रणाचें प्रमाण दर वर्षीं बदलतें, आणि एका सालची चव दुसऱ्या सालच्या चवीसारखी नसते. कित्येक चोखंदळ परीक्षकांना या वाइनमधील किंचित् शिरक्याची झांक खपत नाहीं. सर्जला ती काढून टाकण्याची गरज वाटली नाहीं.

ज्या श्रोत्यांनीं मद्याचा थेंबहि चाखला नसेल त्यांनाहि पुढील हकीकत समजण्यास अडचण पडूं नये, कारण ती मद्याची नसून एका रस्त्याची आहे.

सन 1975 मध्यें लेबनॉनांत यादवी पेटली ती 1990 पर्यंत धुमसत राहिली. बेका सीरियन फौजेच्या ताब्यांत गेलें. गझीर ख्रिस्ती पथकांच्या मुलखांत राहिलें. एरवीं दोन तासांचा घाटरस्ता. आतां त्यावर जागोजागीं नाके. तोडलेलीं द्राक्षें थांबत नाहींत. उन्हांत ट्रक अडला कीं घड चेंगरतात आणि रस वाटेंतच फसफसूं लागतो. सन 1976 मध्यें वाइन झालीच नाहीं. सन 1984 मध्यें ट्रकांना दिवसेंदिवस वाट मिळाली नाहीं, आणि गझीरला पोंचेपर्यंत द्राक्षें आंबूं लागलीं होतीं. त्या सालचा माल त्या काळीं विक्रीस निघाला नाहीं. युद्धाचीं बाकीचीं सारीं वर्षें मात्र वाइन झाली. तोफांचा मारा सुरू असतां शेजारीपाजारी त्याच तळघरांत आसऱ्यास येत.

यांतील धाडस गोळ्यांपुढें जाण्याचें तर होतेंच. पण सात वर्षांच्या हिशेबाचें धाडस त्याहून थोर म्हटलें पाहिजे. सन 1983 च्या शरदांत टाकी भरणारा मनुष्य सन 1990 मध्यें विकावयाच्या मालावर पैसा घालीत होता. तोपर्यंत घर, तळघर, किंबहुना देश तरी राहील कीं नाहीं, हें त्याला कोण सांगणार होतें?

घरचें गिऱ्हाईक युद्धानें पांगलें, तेव्हां सर्जनें बाहेरची वाट धरली. सन 1979 मध्यें इंग्लंडांतील ब्रिस्टल येथील वाइनच्या जत्रेंत ख्रिस्टीज या लिलावगृहाचे मायकेल ब्रॉडबेंट यांनीं मुसारची वाखाणणी केली, आणि लेबनॉनचें नांव तेथील जाणकारांच्या तोंडीं झालें. सन 1984 मध्यें, म्हणजे ट्रक अडले त्याच वर्षीं, लंडनच्या ‘डिकँटर’ मासिकानें नव्यानेंच सुरू केलेला वर्षाच्या मानकऱ्याचा पहिला बहुमान सर्जला दिला.

ता. 31 डिसेंबर 2014 रोजीं मेक्सिकोंत पोहतांना झालेल्या अपघातांत सर्ज मरण पावला. घरचा धंदा गास्तों व मार्क या त्याच्या मुलांनीं पुढें चालविला. थोरल्याला आजोबांचेंच नांव आहे. त्या वर्षीं बेकांतून आलेल्या द्राक्षांचा रस अजून पिपांत भरावयाचा होता.