रक्ताचा थेंब आणि दीड वर्ष
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चारचौघींत उभे राहून बोलायची सवय नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "ताई, तुमच्या घरी घडले तेच सांगा," म्हणून उभी राहिले. काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

माझी थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. २०२२ सालचा श्रावण. कळा फार लांबल्या. बाळ जन्मले ते रडलेच नाही. अंग निळसर, हातपाय सैल. डॉक्टरांनी पिशवीने श्वास दिला, काचेच्या पेटीत ठेवले. रात्री त्याला झटके आले. "जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला," असे डॉक्टर म्हणाले. मी एकच विचारले, "हा चालेल का? बोलेल का?" ते म्हणाले, "आजी, आज नाही सांगता येणार. दीड वर्षाचा होऊ द्या."

भगिनींनो, दीड वर्ष! बाहेरच्या बाकावर बसून मनात आले, माणसाच्या छातीत कळ आली तर रक्त तपासून हृदयाला इजा झाली की नाही ते काही तासांत सांगतात. मग मेंदूचे का सांगता येऊ नये?

माझी धाकटी मुलगी रक्ततपासणीचे शिक्षण घेते. तिने आपल्या शिक्षकांना विचारले, वाचले आणि मला समजावले. मला उमजले तेवढे सांगते.

१९५२ साली न्यूयॉर्कच्या डॉ. व्हर्जिनिया ॲपगार यांनी तान्ह्याला गुण देण्याची रीत काढली. रंग, नाडी, श्वास, हातपायांचा जोर आणि डिवचल्यावर तोंड वाकडे करणे, या पाच गोष्टींना प्रत्येकी दोन गुण. आजही जन्मल्यावर एका मिनिटाने आणि पाच मिनिटांनी हे गुण मांडतात. पण त्यावरून बाळाला तेव्हा किती मदत हवी ते कळते, पुढचे आयुष्य कळत नाही.

पुढचे कळावे म्हणून शास्त्रज्ञ रक्तात शोध घेत आहेत. भांडे गळू लागले की ओट्यावर ओल दिसते. तसे मेंदूच्या पेशींना इजा झाली की त्यांतली काही प्रथिने रक्तात उतरतात. डोक्याला मार लागलेल्या मोठ्या माणसांसाठी अशा दोन प्रथिनांच्या तपासणीला २०१८ साली अमेरिकेत परवानगी मिळाली. तान्ह्यांचे मात्र अवघड आहे. रक्त कोणत्या तासाला घेतले त्यावर आकडा बदलतो.

दुसरी वाट जनुकांची. २०२० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्याच देशातील, प्राणवायू कमी पडलेल्या ४५ बाळांचे रक्त जन्मापासून सहा तासांच्या आत घेतले आणि दीड वर्षाने ती मुले पुन्हा तपासली. ज्यांना अपंगत्व आले आणि ज्यांना आले नाही, त्यांच्या त्या पहिल्या रक्तात ८५५ जनुकांच्या कामात फरक होता. पण ४५ बाळांवरून रोजच्या वापरातली तपासणी ठरत नाही. अजून ती आपल्या रुग्णालयांत आलेली नाही.

सहा तासच का? एक उपचार असा आहे की बाळाचे अंग सुमारे साडेतेहतीस अंशांपर्यंत थंड करून तीन दिवस तसेच ठेवायचे. तो सहा तासांत सुरू करावा लागतो. श्रीमंत देशांत त्याचा गुण आला. मात्र भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील सात रुग्णालयांत ४०८ बाळांवर तो करून पाहिला, त्याचा निकाल २०२१ साली आला. थंड केलेल्या बाळांत शंभरी ४२ दगावली, न केलेल्यांत ३१. म्हणजे वरून सारखी दिसणारी इजा आतून सारखी नसते. कोणत्या बाळाला कोणता उपचार मानवेल हे त्या सहा तासांत सांगणारा थेंब हवा आहे.

आता मनातले सांगते. त्या रात्री मला वाटत होते, कोणी तरी आत्ताच्या आत्ता सांगावे. आज वाटते, वाईट सांगितले असते तर आमच्या घरात काय झाले असते? विहीणबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे असे कधी झाले नाही." कोणी ग्रहणाचे विचारले, कोणी लेकीने काय खाल्ले ते विचारले. खर्च किती करायचा याचीही कुजबुज झाली. थेंबाने नाही म्हटले असते तर त्या पोराला मांडीवर कोणी घेतले असते, याची मला खात्री नाही.

म्हणून माझे एवढेच सांगणे आहे. ही तपासणी उद्या येईल, यावी. पण ती उपचार निवडण्यासाठी यावी, बाळावर शिक्का मारण्यासाठी नव्हे. आणि येईपर्यंत दीड वर्ष नुसते वाट पाहत बसू नये. आमच्या बाळाची एकही तारीख आम्ही चुकवली नाही. मान कधी धरली, कधी बसला, सगळे वहीत लिहिले. अंगाचे व्यायाम रोज केले. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अशा मुलांची तपासणी विनामूल्य होते. आपल्या गल्लीत जन्मताना न रडलेले मूल असेल तर त्याच्या आईला हे सांगा. तिला दोष मात्र देऊ नका.

आमचा नातू बावीस महिन्यांचा झाल्यावर चालला. बोलणे अजून मागे आहे. पण "आजी" म्हणतो. व्यायाम आता विहीणबाईच करून घेतात, माझ्यापेक्षा नेटाने.