इंग्रजी घेणाऱ्या माझ्या भावंडांसाठी
(वसतिगृहाच्या उपकारस्तुतीच्या दिवशी केलेले भाषण)



यंदा बारावीतल्या चार मुलांना इंग्रजी घेऊन बी.ए. करायचे आहे, असे ताईंनी मला सांगितले. ऐकून आनंद झाला आणि थोडी भीतीही वाटली. ती भीती आधी सांगते.

मी धडगाव भागातली. घरी पावरी, शाळेत मराठी, आणि इंग्रजी फक्त फळ्यावर. बारावीला मार्क बरे पडले, म्हणून मला इंग्रजी येते असा माझा समज होता. घाट उतरून कॉलेजला गेले. पहिल्याच तासाला सरांनी एकेकाला उभे करून इंग्रजीत ओळख करून द्यायला सांगितले. मी नाव सांगितले, गाव सांगितले, पुढे काही सुचेना. मागून कोणीतरी हसले. सर वाईट बोलले नाहीत, फक्त "सिट डाऊन" म्हणाले. पण त्यानंतर मी शेवटच्या बाकावर बसू लागले, आणि दिवाळीला घरी आले ती परत जायचे नाही असे ठरवूनच.

मी परत गेले त्यात माझी हिंमत काही नव्हती. ताई आमच्या पाड्यावर चालत आल्या. उपदेश केला नाही. आईने दिलेली भाकरी खाल्ली आणि म्हणाल्या, "पुस्तक आणलंस का? वाच बघू." मी अडखळत वाचले. "आता सुट्टीला आलीस की दोन पाने मोठ्याने वाचायची, मी ऐकेन," असे सांगून त्या गेल्या. त्यांना स्वतःला इंग्रजी फारसे येत नव्हते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

तेव्हा माझ्याजवळ इंग्रजी पुस्तक एकच होते, १६११ सालच्या भाषांतराचे जुने बायबल. मार्कचे शुभवर्तमान मराठीत जवळजवळ पाठ, त्यामुळे इंग्रजी ओळीचा अर्थ शब्दकोश न उघडता लागायचा. तुम्हीही हेच करा. मार्कचे १६ अध्याय आहेत, रोज अर्धा अध्याय मोठ्याने वाचलात तर महिन्याभरात संपतो. फक्त सोप्या, नव्या भाषांतराचे बायबल घ्या. मी एकदा तोंडी परीक्षेत बाईंना 'दाऊ' म्हणाले होते, आणि त्या पाणी पिता पिता हसल्या होत्या! शेक्सपिअर शिकताना मात्र त्याच जुन्या बायबलाचा उपयोग झाला.

गाइड वाचून बी.ए. होता येते. व्यासपीठावरून असे बोलू नये, पण ते खरे आहे. पदवी हातात येते, आणि मुलाखतीला गेले की पहिल्या तासासारखेच उभे राहावे लागते.

एम.ए.ला जळगावच्या विद्यापीठात असताना मी चिनुआ अचेबे यांची 'थिंग्ज फॉल अपार्ट' ही १९५८ ची कादंबरी वाचली. नायजेरियातल्या एका गावात मिशनरी येतात, आणि गाव, घर, बापलेक दुभंगतात. मिशनच्या वसतिगृहात वाढलेल्या मला ती वाचून झोप लागली नाही. या गोष्टीत आपण कोण? होळीची गाणी म्हणणाऱ्या माझ्या आजीच्या बाजूचे, की दुसऱ्या? मी ते पुस्तक घेऊन ताईंकडे आले. त्यांनी गोष्ट ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "लपवू नकोस. इथल्या मोठ्या मुलांनाही सांग." पुढे कळले की अचेबे यांचे वडील स्वतः चर्चचे शिक्षक होते. म्हणून मदत करणाऱ्या बंधुभगिनींना विनंती, की आपली मुले कॉलेजातून असे प्रश्न घेऊन आली तर वाईट वाटून घेऊ नका.

याच अचेबे यांची आणखी एक हकिकत तुमच्यासाठी आहे. १९४८ साली ते इबादानला वैद्यकीय शिक्षणाची शिष्यवृत्ती घेऊन गेले. मन रमेना. ती वाट सोडून इंग्रजी, इतिहास आणि धर्म हे विषय घेतले, तशी शिष्यवृत्ती गेली. थोरल्या भावाने गावी जाण्यासाठी ठेवलेले पैसे धाकट्याच्या फीसाठी दिले. पुढे धाकट्याला नभोवाणीत नोकरी लागली, आणि नोकरी करता करता त्याने ती कादंबरी लिहिली.

आपली मदत बारावीला थांबते. पुढे सरकारी शिष्यवृत्ती असते, पण ती बहुधा उशिरा येते, आणि खोलीचे भाडे, मेसचे पैसे, बसचा पास यांना उशीर चालत नाही. दोन वर्षांपूर्वी आपल्याच वसतिगृहातली एक मुलगी पहिल्या सहामाहीत कॉलेज सोडून ऊसतोडीला गेली. माझ्यापेक्षा हुशार होती. त्या दिवाळीत तिच्या पाड्यावर कोणी गेले नाही. मीही गेले नाही. पैसे द्याल ते लागतीलच, पण यंदाच्या चौघांमागे चार माणसेही लागतील, दिवाळीपर्यंत दर आठवड्याला फोन करून "काय वाचलंस?" असे विचारणारी.

आता मुलांनो, थोडे कामाचे. शिक्षक व्हायचे तर पदवीनंतर दोन वर्षांचे बी.एड. आणि टीईटी. कॉलेजात शिकवायचे तर एम.ए. आणि नेट किंवा सेट. आपल्या प्रवर्गाला एम.ए.त ५० टक्के लागतात. नेटमध्ये तीन तासांत १५० प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. बँकेच्या परीक्षेतही इंग्रजीचा भाग असतो. आणि पावरी, मराठी, इंग्रजी अशा तिन्ही भाषा नीट येणारे माणूस दवाखान्यात, कोर्टात, संस्थांच्या कामात शोधूनही मिळत नाही. लाजून पावरी विसरू नका.

जात वैधता प्रमाणपत्राचे काम आजच सुरू करा. माझ्या वर्गातल्या एकाची निवड झाली होती आणि ते प्रमाणपत्र हातात नव्हते. त्याच्या आजोबांचा शाळेचा दाखला शोधण्यातच सात महिने गेले.

पुढचे चार रविवार उपासनेनंतर मी इथे अभ्यासिकेत बसणार आहे. चौघांनी यावे. येताना वडिलांचा जातीचा दाखला, घरात कोणी शाळेत गेले असेल त्यांचे दाखले, उत्पन्नाचा दाखला आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स आणा. आणि मार्कचा पहिला अध्याय वाचून या, मी ऐकणार आहे.