यंत्र एकाचं की सगळ्यांचं?



स्वस्तातला, हलका लॅपटॉप मागितला की दुकानदार हल्ली दोन वस्तू समोर ठेवतो. एक क्रोमबुक, आणि दुसरी कीबोर्ड जोडलेला अँड्रॉइड टॅबलेट. फरक विचारला तर उत्तर ठरलेलं असतं: ‘दोन्ही गूगलचेच आहेत, काही फरक नाही.’ पहिलं वाक्य खरं आहे. दुसऱ्यासाठी मी आजची ही दहा मिनिटं मागून घेतली आहेत.

हे दोन प्रकार झालेच कसे? 2007 साली आसुस या तैवानी कंपनीनं ‘ई पीसी’ नावाचं एक चिमुकलं यंत्र बाजारात आणलं. सात इंचांचा पडदा, 512 एमबी मेमरी, साठवणीला अवघे चार जीबी आणि आत लिनक्स. ते धडाक्यात खपलं. अशा यंत्रांना नेटबुक म्हणू लागले आणि प्रश्न उभा राहिला, की इतक्या अशक्त यंत्रावर विंडोजचा भार टाकायचाच कशाला? गूगलकडे या प्रश्नाची दोन उत्तरं जवळजवळ एकाच वेळी तयार होत होती. 2008 मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन आला. 2009 च्या जुलैमध्ये क्रोम ओएसची घोषणा झाली, म्हणजे ब्राउझर हाच संगणक. एका घरात दोन चुली कशाला, असं लोकांनी लगेच विचारलं. पुढेमागे दोन्ही एकत्र येतील, असं कंपनीचे संस्थापक सर्गेई ब्रिन तेव्हाच म्हणाले होते. तसं करणार असल्याचं गूगलनं स्पष्टपणे सांगायला 2025 साल उजाडलं. दोघांचे स्वभावच वेगळे असल्यावर इतका वेळ जायचाच.

स्वभाव वेगळे म्हणजे काय? तर यंत्राला मालक किती, याबद्दल दोघांची समजूत वेगळी आहे. फोनची सिस्टीम, म्हणजे अँड्रॉइड, धरून चालते की मालक एकच. त्याचे फोटो, त्याचे मेसेज, त्याचे पैसे, सगळं इथेच. क्रोम ओएसवर चालणाऱ्या क्रोमबुकच्या लेखी यंत्र म्हणजे धर्मशाळा. आलात, वहीत नाव लिहिलंत, काम केलंत, निघालात. तुमचं सामान ठेवलेलं आहे दुसरीकडे, गूगलच्या गोदामात.

क्रोमबुकचं बटण दाबल्यावर आत काय होतं ते ऐकण्यासारखं आहे. यंत्रात सिस्टीमच्या दोन प्रती असतात. एक चालू असताना नवी सुधारणा गुपचूप दुसऱ्या प्रतीत उतरते आणि पुढच्या वेळी यंत्र त्या प्रतीवर सुरू होतं. सुरू होताना प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याची सही तपासतो. कुणी मधे ढवळाढवळ केली असेल तर सही जुळत नाही आणि यंत्र तिथेच अडतं. सगळंच बिघडलं तर ‘पॉवरवॉश’ करायचं: यंत्र धुऊनपुसून कोरं होतं, खात्यात शिरलं की गूगल ड्राइव्हवरच्या फाइली परत दिसतात. ड्राइव्हवर न चढवलेलं, नुसतंच ‘डाउनलोड्स’मध्ये पडलेलं मात्र धुऊन जातं. मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगावं. शाळेतल्या संगणक कक्षाचा कारभार ज्यांनी पाहिला आहे, जिथे व्हायरस, पासवर्ड आणि ‘सर, माझी फाइल कुणीतरी उडवली’ यातच अर्धा तास जातो, त्यांना या व्यवस्थेचं मोल वेगळं सांगायला नको.

अँड्रॉइडची जडणघडण वेगळी, कारण ते गरिबीत वाढलं. मेमरी तुटपुंजी, बॅटरी तोळामासा, रेंज येऊन-जाऊन. तुम्ही एखादा मजकूर लिहिताय आणि फोन आला. सिस्टीम त्या ॲपला सांगते: बाजूला हो, आणि काय ते आत्ताच जपून ठेव. मेमरी कमी पडली तर मागे गेलेलं ॲप ती सरळ मारून टाकते. पुन्हा उघडल्यावर ते, नीट बनवलेलं असेल तर, जिथे होतं तिथूनच सुरू होतं. केव्हाही गाशा गुंडाळावा लागेल, हे ॲप लिहिणाऱ्यानं धरूनच चालायचं असतं. रेंजचाही तसाच भरवसा नसतो, म्हणूनच ती गेली तरी बरीचशी ॲपं काही ना काही काम करत राहतात.

आता आपल्याकडची गोष्ट. वीज गेली की क्रोमबुक चालू राहतं, त्याला बॅटरी आहे. पण भिंतीवरचा वायफायचा राउटर बंद पडतो! वेबवर उभी असलेली सिस्टीम तेव्हा खिडकीत बसून राहते. गूगल डॉक्स इंटरनेटविना चालतं, नाही असं नाही, पण ती सोय आधी चालू करून ठेवलेली असावी लागते, आणि ते नेमकं कुणी केलेलं नसतं. भारनियमनाच्या गावात क्रोमबुक घेणाऱ्यानं राउटरला छोटा इन्व्हर्टर आधी लावावा.

मग आपल्यासाठी अँड्रॉइडच बरं, असं म्हणावं का? सरकारनं एकदा तसं म्हणून पाहिलं. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री कपिल सिबल यांनी दिल्लीत ‘आकाश’ टॅबलेट विद्यार्थ्यांच्या हाती दिला. अँड्रॉइड 2.2, 256 एमबी मेमरी आणि बोटानं नुसतं स्पर्शून न भागणारा, दाबावा लागणारा पडदा. त्या अँड्रॉइडला देवनागरी येत नव्हती. अक्षरांच्या जागी चौकटी दिसायच्या. पुढे प्रकल्प पवईच्या आयआयटीकडे आला आणि 2012 मध्ये ‘आकाश 2’ निघाला तो बराच सुधारून. सेटिंग्जमधल्या भाषांच्या यादीत मराठी यायला मात्र 2014 चं अँड्रॉइड 5 उजाडावं लागलं. ‘आकाश’ची चेष्टा पुष्कळ झाली, थोडी जास्तच झाली. सिस्टीमची निवड चुकली नव्हती. यंत्र फार दुबळं होतं.

अँड्रॉइडची खरी अडचण 2020 च्या टाळेबंदीत उघडी पडली. शाळा मोबाइलवर भरली, आणि घरोघर मोबाइल होता वडिलांचा. ते कामावर निघाले की शाळाही त्यांच्या खिशातून निघाली. घरी असले तरी तासाच्या मधेच त्यांचे मेसेज टपकायचे, आणि पैशांचं ॲप मुलाच्या बोटाखाली. टॅबलेटवर एकापेक्षा जास्त माणसांची खाती ठेवायची सोय अँड्रॉइडमध्ये 2012 पासून आणि फोनवर 2014 पासून आहे, पण कितीतरी कंपन्या ती फोनमध्ये बंद करूनच विकतात. एक फोन, एक माणूस हे गृहीतक आपल्या घरांना कधी लागूच पडलं नव्हतं.

टॅबलेटला कीबोर्ड जोडला की लॅपटॉप होतो, हेही पूर्ण खरं नाही. बरीच ॲपं उभ्या पडद्यासाठी घडवलेली. आडव्या पडद्यावर ती मधोमध अंग चोरून उभी राहतात, दोन्ही बाजूंना काळी पट्टी. 2022 मध्ये आलेलं जिओबुक हा अँड्रॉइडच्या पायावरचा लॅपटॉप होता, स्वस्त होता, तरी या दुखण्यातून सुटका अवघडच. उलट्या बाजूनं क्रोमबुकनं 2016 पासून अँड्रॉइडची ॲपं आत घेतली आणि 2018 पासून लिनक्सचीही. स्वस्त, चार जीबी मेमरीच्या यंत्रावर ती दाटीवाटीनंच राहतात. ज्यांचं पोट टॅली किंवा श्रीलिपीवर चालतं त्यांनी या दोघांच्याही वाटेला न जाता गुमान विंडोजचं यंत्र घ्यावं.

माझं मत विचाराल तर असं. वाचनालय, शाळा, अभ्यासिका, जिथे एका यंत्रापुढे दिवसभरात अनेक माणसं बसतात आणि ब्रॉडबँड आहे, तिथे क्रोमबुक. कॉलेजात जाणारा एकटा मुलगा, एसटीनं ये-जा करणारा, रेंजच्या भरवशावर नसणारा, त्याला टॅबलेट. आणि घरात चौघांत मिळून एकच यंत्र येणार असेल तर मी क्रोमबुककडे झुकेन, कारण चौघांची चार खाती तिथे पहिल्या पडद्यावरच वेगळी होतात. बॅटरी किती, कॅमेरा कसा, या गोष्टी त्यानंतरच्या.

घरात जुना, विंडोजनं धापा टाकणारा लॅपटॉप पडून असेल तर नवीन घ्यायची घाई करू नका. 2022 पासून ‘क्रोम ओएस फ्लेक्स’ नावाची फुकट आवृत्ती मिळते. पेनड्राइव्हवरून ती आधी नुसती चालवून बघता येते, आतल्या डिस्कला हात न लावता. आपलं मॉडेल गूगलच्या यादीत आहे का, ते तपासा. फ्लेक्सवर अँड्रॉइडची ॲपं चालत नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

आणि नवीन क्रोमबुक घेणार असाल तर पैसे देण्याआधी दुकानदाराला यंत्र सुरू करायला सांगा. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट क्रोम ओएस’ उघडलं की सुधारणा कोणत्या तारखेपर्यंत मिळणार ते दिसतं. गूगलनं 2023 मध्ये दहा वर्षांचा वायदा केला, पण ती दहा वर्षं तुमच्या पावतीच्या तारखेपासून मोजत नाहीत. त्या यंत्राचा आतला साचा प्रथम बाजारात आला तेव्हापासून मोजतात. सवलतीत निघालेल्या मालाची तीनचार वर्षं त्यातून आधीच सरलेली असू शकतात. ती तारीख बघा आणि मगच भावाला बसा.