नोंदवहीच्या गावात आपले स्वागत



 मी डॉक्टर नाही, बार्शीच्या मार्केट यार्डातला आडत्या आहे. कर्करोगाच्या परिषदेला तूर-ज्वारीचा व्यापारी स्वागताध्यक्ष कशाला, असे आपल्या मनात आले असेल, तर ते माझ्याही मनात आले होते. पण या गावाने वैद्यकशास्त्राला जे दिले ते एका वहीच्या जोरावर दिले, आणि वहीची किंमत आडत्याला कुणी समजावून सांगावी लागत नाही.

ती वही म्हणजे बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे तुमच्या-आमच्या कराच्या पैशातून ती १९८७ साली सुरू झाली. देशातली ही पहिली ग्रामीण नोंदणी. मुंबईचे टाटा मेमोरियल आणि आमचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल यांनी ती मिळून उभी केली. बार्शी तालुका सोलापूर जिल्ह्यातला, परंडा आणि भूम धाराशिव जिल्ह्यातले. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाडा यांची शीव ओलांडून ३४६ गावे एका वहीत आली. राजकारणात हे आम्हाला अजून जमलेले नाही.

मुंबईत रुग्ण मोजायचे तर इस्पितळांची कागदपत्रे आणि मृत्यूचे दाखले हाताशी असतात. आमच्याकडे माणूस ‘दुखण्यानं’ जायचा आणि दाखल्यावर म्हातारपण लिहिले जायचे. म्हणून नोंदणीची माणसे स्वतः गावोगाव फिरली. सरपंच, तलाठी, मास्तर, गावातले डॉक्टर यांना भेटली, पारावर बसली. कुणाच्या तोंडातली जखम भरत नाही का, पाळी गेल्यावरही कुणाच्या अंगावर जाते का, हे विचारत राहिली. ज्या गोष्टी बायका सख्ख्या जावेलाही सांगत नाहीत, त्या विचारायच्या होत्या. शंका आली त्या रुग्णाला बार्शीला आणले. यातून एक वेगळेच फळ हाती आले. गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली हे आकड्यांनिशी मांडले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. नुसते मोजायला गेलेल्या माणसांनी हे घडवले.

पुढचे काम जगाला ठाऊक आहे, गावाला तितके नाही. याच कर्करोगाची कोणती तपासणी जीव वाचवते हे पाहण्यासाठी १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ४९७ गावांचे ५२ समूह करून ते चार गटांत वाटले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. एका गटाची एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याची पॅप तपासणी, तिसऱ्या गटात ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणे. चौथ्या गटाला तपासणीला बोलावले नाही. सोबत फ्रान्समधल्या ल्योंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था होती. या प्रयोगाचा मुख्य निधी गेट्स प्रतिष्ठानचा होता, हे लपवण्याचे कारण नाही. पण आठ वर्षांनी कोण जगले, कोण गेले आणि कशाने गेले, हे सांगायला गावागावांत ओळख असलेली माणसे लागतात. ती सरकारी पैशाने बारा वर्षे आधीपासून तयार होत होती. यंत्राला देणगीदार मिळतो, त्याची फीतही कापता येते. नोंदवहीची फीत कापायला कोण येणार? म्हणून तिचा खर्च सरकारनेच उचलायचा असतो, आणि दरवर्षी उचलायचा असतो.

निकाल एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. एचपीव्ही चाचणीच्या गटातल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेल्या. न तपासलेल्या ३१,४८८ पैकी ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. बाकी दोन पद्धतींनी एका फेरीत तसा ठळक फरक दिसला नाही. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने तपासणीसाठी याच चाचणीला पहिली पसंती दिली.

आता यजमानाने बोलू नये ते बोलतो. त्या ६४ जणी आमच्या पंचक्रोशीतल्या होत्या. त्या काळी जिल्ह्यात अशी तपासणी कुणाचीच होत नव्हती, तेव्हा चौथ्या गटाकडून काही काढून घेतले नाही, असे उत्तर दिले जाते. या रचनेवर टीकाही झाली आहे. उत्तर खरे आहे, पण मला ते पुरेसे वाटत नाही. ज्या गावांनी आपली माणसे मोजू दिली, त्या गावांत ही चाचणी आज प्रत्येक बाईला सहज मिळते का? दुपारच्या सत्रात प्राथमिक आरोग्य केंद्रांवर चर्चा आहे. हा प्रश्न तिथे नेमकेपणाने घ्यावा आणि शक्य तर तालुकावार उत्तर लिहून द्यावे, अशी स्वागत समितीची विनंती आहे.

आणखी एक. नोंदणीसाठी उन्हातान्हात गावे फिरलेली मंडळी सभागृहात आली आहेत, पण ती मागच्या भिंतीपाशी उभी दिसतात. पुढच्या दोन रांगा निमंत्रितांसाठी राखल्या आहेत, आणि आमचे पहिले निमंत्रित तेच आहेत. त्यांनी पुढे येऊन बसावे. ती मंडळी बसली की माननीय अध्यक्षांनी सभेची सूत्रे हाती घ्यावीत.