लोखंडी होडीचा गंज



खाडीकाठच्या माणसाला होडीचे महत्त्व आम्ही सांगायला नको. पूर्वी तरीवर लाकडी होड्याच असत. आता कुठे कुठे लोखंडी पत्र्याच्याही चालतात. अशा होडीला खाऱ्या पाण्याने गंज धरतो. त्यावर उपाय काय, ते आज आपण पाहू.

लोखंडाला पाणी आणि हवा लागली की गंज चढतो. त्यात मीठ असले की तो झपाट्याने वाढतो. मिठाचा हात लागलेली विळी रात्रभर न धुता ठेवा. सकाळी तिच्यावर तांबूस डाग दिसतील. होडीचेही तसेच.

पुष्कळ जण गंजावरच रंग फासतात. होडी नवी दिसते. पण पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते ना? रंगाखाली राहिलेले मीठही तशीच ओल ओढून घेते. रंगाला फोड येतात. आत पत्रा झिजतच राहतो. रंग म्हणजे औषध नव्हे.

मग करायचं काय? उधाणाच्या भरतीला होडी वर घ्या. शिंपले, शेवाळ खरवडा. तळ गोड्या पाण्याने धुवा. मग हातोडीने जागोजाग ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर ठीक. आवाज बद्द आला किंवा पत्रा दबला, तर तो पातळ झाला असे समजा. तिथे लुकण भरून भागत नाही. जाणत्या वेल्डरकडून तेवढा भाग कापून नवा पत्रा जोडून घ्या. त्याआधी डिझेलची टाकी काढून दूर ठेवा.

बाकीचा गंज तारेच्या ब्रशाने घासून, लोखंड चकाकेपर्यंत काढा. पूर्वी लोखंडाला तेलात कालवलेला शेंदूर लावीत. शेंदरात शिसे असते आणि शिसे विषारी आहे. म्हणून जुना रंग ओला करून घासा, चांगला मास्क लावा, पोरांना जवळ येऊ देऊ नका.

पुन्हा गोड्या पाण्याने धुऊन पत्रा कोरडा करा. त्याच दिवशी प्रायमरचा हात द्या. तो वाळला की दुसरा. मग रंग.

आणखी एक युक्ती. १८२४ साली हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवले, की जहाजाच्या तांब्याच्या पत्र्याला जस्त किंवा लोखंड जोडले, तर खारे पाणी तांबे सोडून त्यालाच खाते. लोखंडाच्या बाबतीत हे काम जस्त करते. जस्ताची वडी तळाच्या उघड्या लोखंडाला घट्ट बसवा. तिला रंग मात्र लावू नका. अर्धी झिजली की बदला.

बाजाराची माणसे, शाळेची पोरे होडीवाल्याच्या भरवशावर पाण्यात जातात. त्यांना फक्त वरचा रंग दिसतो. आतला पत्रा पाहणे हे होडीवाल्याचे काम. आता आपल्याला लिहिता येते. तळ कधी ठोकून पाहिला, जस्त कधी बदलले, त्याची तारीख वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी ती वही उघडा आणि होडी पुन्हा वर घ्या.