गोळीची बैठक आणि पुराव्याची शिस्त



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडे पदार्थविज्ञान शिकलेल्या अनेकांपैकी मी एक आहे. इंदूरच्या आपल्या ह्या मराठी शाळेने मला आज येथे उभे केले, हा मी माझा बहुमान समजतो. आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. नेमबाजीच्या रायफलीचे काडतूस हाताने भरताना त्यात गोळी किती खोल बसवावी, एवढाच हा प्रश्न आहे. माझी उमेद यंत्रशाळांतील मापनात गेली आणि त्यांतली काही वर्षे अमेरिकेतील ओहायो राज्यात गेली. तेथे हा प्रश्न घेऊन वर्षानुवर्षे वह्या भरणारी माणसे मी पाहिली. थोड्या पुराव्यावर किती विश्वास ठेवावा, हे त्या वह्यांनी मला जितके स्पष्ट दाखवले, तितके क्वचितच दुसऱ्या कशाने दाखवले असेल.

आरंभीच एक खुलासा करतो. आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्यावाचून काडतुसे बनवणे हा गुन्हा आहे. तेव्हा हे विवेचन मापनाचा एक अभ्यास म्हणूनच ऐकावे.

काडतुसाचे भाग चार : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि पुंगळीच्या मानेत घट्ट बसवलेली गोळी. रायफलीच्या नळीत पीळ घेत जाणाऱ्या खाचा असतात आणि दोन खाचांच्या मध्ये उंचवटे असतात. हे उंचवटे गोळीला पकडतात आणि फिरकी देतात. मात्र ते काडतुसाच्या खोलीपासून लगेच सुरू होत नाहीत. मध्ये एक गुळगुळीत भाग असतो, त्याला नळीचा घसा म्हणतात. बार उडाला की गोळी मानेतून सुटते, घशातून पुढे सरकते आणि मग उंचवट्यांना भिडते. ह्या मोकळ्या प्रवासाला तेथील लोक ‘उडी’ म्हणतात. गोळी खोल बसवली तर उडी लांब, बाहेर ठेवली तर आखूड, आणि फारच बाहेर ठेवली तर गोळी आधीच उंचवट्यांना टेकते. बैठकीची खोली ठरवणे म्हणजे ही उडी ठरवणे.

आता एवढ्याशा अंतराने काय बिघडते? उत्तर शाळेतल्या वर्तुळगतीच्या गणितात आहे. नळीतील खाचा सुमारे २० सेंटिमीटरमध्ये एक वेढा घेत असतील आणि गोळी सेकंदाला ८५० मीटर वेगाने सुटत असेल, तर तिची फिरकी मिनिटाला अडीच लाख फेऱ्यांच्या घरात जाते. समजा, उंचवट्यांत शिरताना गोळी किंचित तिरपी झाली आणि तिचा गुरुत्वमध्य नळीच्या मध्यरेषेपासून ०.०१ मिलिमीटर सरकला. नळीत असेपर्यंत तो मध्यरेषेभोवती फिरतो आणि तोंडातून सुटताच स्पर्शरेषेच्या दिशेने आडवा निघतो. हिशेब केला तर १०० मीटरवर हे ढळणे सुमारे ३१ मिलिमीटर येते. आपल्या डोक्यावरचा केस ह्या ०.०१ मिलिमीटरच्या कित्येक पट जाड असतो. गोळी सरळ शिरणे किती महत्त्वाचे, हे ह्यावरून ध्यानात येईल.

ह्या शोधाचा पाया घालणाऱ्यांत डॉक्टर फ्रँकलिन मान हे अमेरिकन गृहस्थ अग्रगण्य होत. पेशाने वैद्य असलेल्या ह्या माणसाने काँक्रीटच्या भक्कम चौथऱ्यावर नळी घट्ट बसवून वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि १९०९ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांनी मुद्दाम गोळ्या विद्रूप करून पाहिल्या. टोक बिघडले तर फारसे नुकसान होत नाही. बूड वाकडे झाले तर मात्र गोळी भरकटते, असे त्यांना आढळले. पुढे १९७५ साली लू पाल्मिसानो हे शल्यविशारद आणि फेरिस पिंडेल हे हत्यारे घडवणारे कारागीर ह्यांनी मिळून ६ मिलिमीटरचे एक आखूड, जाडसर काडतूस सिद्ध केले. बाकावर रायफल टेकवून केल्या जाणाऱ्या अचूकतेच्या स्पर्धांत त्याने मोठा दबदबा निर्माण केला. वैद्याची चिकाटी आणि कारागिराचा हात एकत्र आल्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

बैठक मोजण्याची रीतही सूक्ष्म आहे. काडतुसाची एकूण लांबी टोकापर्यंत मोजली तर फसगत होते, कारण एकाच डब्यातल्या गोळ्यांची टोके कमीजास्त असतात. उंचवट्यांना भिडते ती टोकामागची गोलाई. म्हणून ठरावीक व्यासाचे भोक असलेला तुकडा त्या गोलाईवर बसवून तेथपासून बुडापर्यंतचे अंतर मोजतात. जे काम करते तेच मोजावे, सोयीचे दिसते ते नव्हे, हा मापनशास्त्राचा पहिला पाठ येथे आपोआप गिरवला जातो.

दाबाचाही विचार करावा लागतो. गोळी उंचवट्यांना टेकलेली असेल तर तिला धाव घ्यायला वाव मिळत नाही आणि दाब वाढतो. उलट फार खोल बसवली तर पुंगळीतली जागा कमी होते आणि त्यानेही दाब वाढू शकतो. म्हणून बैठक बदलली की दारूचे प्रमाण पुन्हा खालून तपासावे लागते. शिवाय टेकवलेले काडतूस न उडवता बाहेर काढताना गोळी नळीतच अडकून दारू सांडण्याची भीती असते. त्यामुळे मैदानी स्पर्धांतले अनेक नेमबाज थोडी उडी ठेवणेच पसंत करतात.

१९८०च्या दशकात विल्यम डेव्हिस ह्यांनी हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून लांब, निमुळत्या गोळ्यांची आखणी केली. त्यांची गोलाई सरळ भागाला किंचित कोन करून मिळते. जुन्या धाटणीच्या गोळीत ती अलगद मिळत असल्याने गोळी स्वतःच मध्यावर येण्यास मदत होते. नव्या गोळ्या म्हणूनच बैठकीच्या बाबतीत नखरेल समजल्या गेल्या, आणि त्या टेकवूनच वापराव्यात असा समज पसरला. पुढे बर्जर ह्या गोळ्या बनवणाऱ्या कंपनीने वेगळाच सल्ला दिला : किंचित टेकलेल्या स्थितीपासून सुमारे १, २ आणि ३ मिलिमीटर उडीपर्यंत चार बैठका घ्याव्यात आणि प्रत्येकीच्या सहा गोळ्या झाडून पाहाव्यात. एखाद्या ठिकाणी सुमारे एक मिलिमीटर रुंदीचा चांगला पट्टा सापडतो, असा त्यांचा अनुभव. ह्याचे कारण गोळीच्या सरळ शिरण्यात आहे की नळीच्या कंपनांच्या वेळेत, ह्यावर जाणत्यांत अजून वाद आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पाच बैठका घेतल्या, प्रत्येकीच्या तीन गोळ्या झाडल्या, आणि एका कागदावर तिन्ही छिद्रे एकमेकांत मिसळलेली दिसली. मनुष्यस्वभाव तत्काळ म्हणतो, ‘सापडली!’ पण संख्याशास्त्र काय सांगते? ज्या काडतुसांचा तीन गोळ्यांचा पुंजका सरासरी १० मिलिमीटरचा पडतो, त्यांचाच पाच गोळ्यांचा सुमारे १३ आणि दहा गोळ्यांचा सुमारे १६ मिलिमीटरचा पडतो. काडतूस बदललेले नसते. गोळ्या वाढल्या की दूरची छिद्रे पडण्याची संधी वाढते, इतकेच. शिवाय तीन गोळ्यांचा पुंजका आपल्या सरासरीपासून सहज तृतीयांशाने कमीजास्त होतो. समजा, पाचही बैठका प्रत्यक्षात अगदी समान आहेत. तरीही त्यांच्या पाच पुंजक्यांत सर्वांत मोठा हा सर्वांत लहानाच्या दुपटीहून अधिक निघाला, तर त्यात नवल नाही. ज्याला आपण शोध म्हणतो, तो पुष्कळदा फाशांचा खेळ असतो.

थोड्या नमुन्यांच्या ह्या फसवेपणाचा पद्धतशीर विचार डब्लिनच्या गिनेस मद्यशाळेत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट ह्यांनी ‘स्टुडंट’ ह्या टोपणनावाने १९०८ साली मांडला, म्हणजे मान ह्यांच्या ग्रंथाच्या आदल्याच वर्षी. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांनी १९४६ साली शेतीच्या संदर्भात ह्याला जवळचा धोका दाखवला. पिकाचा अंदाज घेण्यासाठी फार लहान तुकडा कापला, तर उत्पन्न वाजवीपेक्षा जास्त दिसते, कारण कडेवरची रोपे आत धरली जातात. कारण वेगळे, पण फळ तेच. लहान चौकटीतून पाहणाऱ्याला जग असते त्यापेक्षा चांगले दिसते.

‘मग भरपूर गोळ्या झाडाव्यात,’ असे कोणी विद्यार्थी म्हणेल. येथेच ह्या प्रश्नाची खरी कोंडी आहे. प्रत्येक बाराबरोबर तप्त वायू नळीचा घसा थोडा थोडा खातात. अचूक नळीचे आयुष्य काही हजार बारांचे असते. जोरकस काडतुसांत त्याहून बरेच कमी. घसा झिजला की उंचवटे पुढे सरकतात आणि तीच बैठक ठेवूनही उडी वाढते. म्हणजे प्रयोग जितका मोठा करावा, तितकी ज्या नळीविषयी ज्ञान मिळवायचे तीच खर्ची पडते आणि बदलत जाते. थोडे पाहावे तर फसवणूक, पुष्कळ पाहावे तर पाहण्याची वस्तूच हातची जाते.

ओहायोतील माझे एक शेजारी, निवृत्त हत्यार-कारागीर, ह्या कोंडीत होते. त्यांची नळी उतरणीला लागली होती, नवी घेण्याची त्या वर्षी ऐपत नव्हती आणि स्पर्धांचा हंगाम तोंडावर होता. पहिल्या दिवशी एका बैठकीने फुलाच्या पाकळ्यांसारखा देखणा पुंजका दिला. आठवड्याने तीच बैठक पाचांत चौथी आली. मी विचारले, ‘आता काय करणार?’ ते म्हणाले, ‘साठ काडतुसे देईन. त्यापुढे नळी माझी नाही, हंगामाची आहे.’

त्यांनी त्या साठांचा उपयोग कसा केला, हे सांगण्यासारखे आहे. उघड वाईट दिसणाऱ्या दोन बैठका त्यांनी आधीच वगळल्या आणि उरलेल्या तिघींना प्रत्येकी वीस काडतुसे दिली. एका बैठकीची सर्व काडतुसे सलग न झाडता ते आळीपाळीने एकेक झाडत, म्हणजे नळीचे तापणे, वारा आणि स्वतःचा थकवा सर्वांच्या वाट्याला सारखा येई. निम्मी काडतुसे त्यांनी दुसऱ्या दिवसासाठी राखली. केवळ दोन टोकाच्या छिद्रांतले अंतर न मोजता, प्रत्येक छिद्राचे मध्यापासूनचे अंतर काढून त्यांची सरासरी घेतली. अशाने प्रत्येक गोळीची साक्ष नोंदली जाते. शेवटी शेजारच्या दोन बैठका जवळजवळ सारख्या निघाल्या. तो पट्टा त्यांनी धरला आणि त्यातही उंचवट्यांच्या बाजूची बैठक निवडली. घसा झिजून उडी वाढत गेली, तरी काडतूस पट्ट्याच्या आतूनच सरकत राहील, हा त्यामागचा विचार. शिखरावर उभा राहणारा एका पावलाने घसरतो; पठारावर उभ्या असलेल्याला चार पावले मोकळी असतात.

ते त्या हंगामात जिंकले नाहीत. मधल्या क्रमांकावर राहिले. पण वाईट दिवसानंतरही त्यांनी बैठकीला हात लावला नाही, कारण एका वाईट दिवसाचा पुरावा किती हलका असतो, हे त्यांनी मोजून ठेवले होते. चुकलेल्या गोळीचा दोष ते वाऱ्याच्या अंदाजात शोधत, आणि बहुधा तेथेच तो सापडे.

आपल्या ओळखीच्या नेमबाजांना हा प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. त्याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे ह्यांनी २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ऑलिंपिक कांस्यपदक मिळवले. ह्या प्रकारांत पॉइंट बावीसची तयार काडतुसे वापरतात. ती हाताने भरत नाहीत. तेथे निवड असते ती कारखान्यातून आलेल्या निरनिराळ्या घाण्यांची. आपल्या रायफलीला कोणता घाणा मानवतो, हे झाडूनच पाहावे लागते, आणि थोड्या गोळ्यांवर भाळण्याचा धोका तेथेही तोच. जवळच्याच महूला सेनेचे नेमबाजी केंद्र आहे. तेथील एखाद्या प्रशिक्षकाला कधी विचारून पाहा.

शिक्षकांची क्षमा मागून आणखी एक गोष्ट सुचवतो. एका परीक्षेत अर्ध्या गुणाने एक विद्यार्थी पहिला आणि दुसरा चौथा येतो. आपण पहिल्याचा सत्कार करतो; चौथ्याच्या घरी त्या रात्री कोणी नीट जेवत नाही. एक परीक्षा म्हणजे तीन गोळ्यांचा पुंजका आहे. तो खोटा नसतो, पण त्यावर किती भार टाकावा, ह्याला मर्यादा असते. वर्षभराच्या वह्या, प्रयोगशाळेतील नोंदी, वर्गात विचारलेले प्रश्न, हे सारे मिळून एक पट्टा तयार होतो. मूल कोठे उभे आहे, हे त्यावरून कळते. गुणपत्रक लावण्यापूर्वी ह्या पट्ट्याकडे एकदा पाहावे, एवढी माझी विनंती आहे.

विद्यार्थी मित्रहो, प्रयोगाच्या वहीत अनपेक्षित आकडा आला तर तो खोडू नका, आणि अपेक्षित आकडा पहिल्याच वेळी आला तर लगेच वही मिटू नका. पुन्हा मोजा. किती वेळा मोजायचे, हे मोजण्यापूर्वी ठरवा, आणि ठरवलेले मोजून झाले की निर्णय घेऊन पुढे चला.